काजांचा तुलनात्मक अहवाल

६ जानेवारी

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर इयत्ता दुसरीचं आलं आहे. आज एवढंच.

८ जानेवारी

एकतीस वर्षं दैनंदिनी लिहितो आहे. त्यात हा महिन्याचा खंड पडला, त्याचं कारण नोंदवून ठेवतो. आठ डिसेंबरला सकाळी दाढी करताना ब्रश हातातून गळून पडला. अर्धांगाचा सौम्य झटका. पाय वाचला, वाचा वाचली (ती थोडी कमी झाली असती तरी चाललं असतं, असं बायकोचं, म्हणजे सरोजिनीचं, मत). उजवा हात मात्र गेला. गेला म्हणजे खांद्याला आहे, पण बोटं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने महत्त्वाचे. रोज व्यायाम केला तर हात बराचसा परत येईल, नाही केला तर आहे तसाच राहील.

व्यायाम शिकवायला अपेक्षा नावाची फिजिओथेरपिस्ट आली. मूळची अमरावतीची, वय फार तर पंचवीस. तिने मला पिवळा रबरी चेंडू दिला आणि दाबा म्हणाली. मग एका वाटीत राजमा ओतला आणि एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाका म्हणाली. मी हडपसरच्या कारखान्यात चौतीस वर्षं गुणवत्ता तपासनीस होतो. ज्याने मायक्रोमीटर हाताळला त्याने राजमा उचलत बसायचं नसतं. तिला तसं सांगितलं. ती गेली. चेंडू बाल्कनीत तुळशीशेजारी पडला आहे आणि राजम्याची काल उसळ झाली.

१३ जानेवारी

कारखान्यातला जुना सोबती हिंमतराव येऊन गेला. संध्याकाळी बागेत ये म्हणाला. नाही म्हणालो. बटणांचा शर्ट मला घालता येत नाही. बायकोने घालून दिलेला शर्ट घालून मी चारचौघांत जाणार नाही, आणि टी-शर्टात तर नाहीच नाही. टी-शर्ट हा घरातला कपडा आहे. तेव्हा घरीच बरा.

हात गेला हे मी मान्य केलं आहे. घरात मी एकट्यानेच मान्य केलं आहे, बाकी सगळे अजून चेंडू शोधत असतात.

१७ जानेवारी

सरोजिनीने जेवताना जाहीर केलं की तिला ऑर्डर मिळाली आहे. ती चाळीस वर्षं घरी शिवणकाम करते, पण ब्लाउज, परकर, झबली एवढंच. ही ऑर्डर कात्रजच्या एका वृद्धाश्रमाची आहे. चाळीस शर्ट. अट एकच: ज्यांची बोटं कडक झाली आहेत किंवा थरथरतात, त्यांना बटणं स्वतःची स्वतः लावता आली पाहिजेत.

"म्हणजे सगळा प्रश्न काजांचा आहे," ती म्हणाली. "प्रत्येक मशीन काज वेगळं करतं. कुठलं सोपं पडतं ते कुणीतरी नीट तपासायला हवं. वल्लरीचा नवरा करील. हुशार आहे तो."

वल्लरी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिच्या हुशार नवऱ्याला आमच्या सोसायटीच्या फाटकाची कडी अजून उघडता येत नाही. मी आमटी संपवली आणि म्हणालो की घरात एक तपासनीस असताना बाहेरचा कशाला?

"तुम्ही निवृत्त ना," ती म्हणाली. "उगाच तुम्हाला त्रास."

उद्यापासून सुरुवात करतो आहे.

१९ जानेवारी

पद्धत ठरवली. एकाच थानातलं पॉपलिन, पट्टीत एकाच जाडीचं बकरम (आतलं कडक अस्तर), एकाच मापाची चार भोकांची बटणं. प्रत्येक मशीनवर दहा काजांची एक पट्टी, ती जुन्या पाटाला ड्रॉइंग पिनांनी पक्की करायची. तपासणीचे मुद्दे: लांबी, टाक्यांची दाटी, दोन्ही कडांचा सारखेपणा, चीर, आणि सर्वांत महत्त्वाचं, सुलभता. सुलभता म्हणजे बटण लावायला लागलेला वेळ, सेकंदात.

काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक बटणाची जाडी, हे सरोजिनीला समजावून सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "असं असतं होय?"

एका मुद्द्यावर मतभेद झाला. बटण कुठल्या हाताने लावायचं? मी डावा म्हणालो. ती म्हणाली, "आश्रमातल्या लोकांचे हात तुमच्या उजव्यासारखे आहेत. तुमच्या डाव्या हाताचं मत कुणी विचारलेलं नाही."

तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे. वस्तू ज्या परिस्थितीत वापरली जाणार त्याच परिस्थितीत तपासायची, हे मी कारखान्यात इंजिनियर लोकांना कितीदा सांगितलं असेल. उजवा हात.

२० जानेवारी

नमुना अ. सरोजिनीचं पायमशीन, माहेरून आलेलं. या मशीनला मुळात काज करता येत नाही, सुई फक्त सरळ खालीवर होते. म्हणून तिने काजाची वेगळी जोडणी बसवली. तिचा चिमटा कापडाला पकडतो आणि डावीउजवीकडे हलवतो, सुई जागची हलत नाही. आत काजाच्या आकाराचा लोखंडी साचा असतो, त्याच्याभोवती कापड दोन फेऱ्या मारतं. आवाज सुताराच्या दुकानासारखा. काज मात्र गोल टोकांचं, सुबक येतं.

सुलभता: पहिलं बटण सहा मिनिटं वीस सेकंद. दुसरं नऊ मिनिटं. तिसरं सोडून दिलं. शेरा: काज नापास.

सरोजिनीने शेरा वाचला आणि म्हणाली, "अगदी नापास?"

२४ जानेवारी

नमुना ब. तिचंच दुसरं, विजेवरचं मशीन. इथे सुई स्वतः बाजूला जाते. चकती फिरवत चार टप्प्यांत काज होतं: डावी कड, टोकाचा आडवा टाका, उजवी कड, दुसरा आडवा टाका. दोष असा की डावी कड दाट येते आणि उजवी विरळ. भिंगातून दाखवलं तर ती म्हणाली की सगळ्याच मशीनवर एक कड पुढे जाताना होते आणि एक मागे येताना, म्हणून थोडा फरक राहतोच. हे मला माहीत नव्हतं. नोंद केली.

मग चीर. दोन कडांच्या मध्ये टाके उसवायच्या काट्याने कापड फाडतात. काटा पलीकडे घसरून टोकाचा टाका तुटू नये म्हणून आधी तिथे टाचणी आडवी टोचायची. टाचणी सरोजिनीने टोचली.

सुलभता: पाच मिनिटं पन्नास सेकंद. एकाच दिवसाचं माप ग्राह्य नसतं. आजपासून प्रत्येक नमुना सकाळ-संध्याकाळ तपासायचा, असं ठरवून टाकलं.

"रोज दोनदा?" ती म्हणाली. "कंटाळाल हो."

मी म्हणालो, गुणवत्तेला कंटाळा माहीत नसतो. तिने मान वळवली. बहुधा पटलं.

३० जानेवारी

विचित्र प्रकार. नमुना अ आज चार मिनिटं दहा सेकंद. निष्कर्ष: वापरून काज सैलावतं. खात्री करायला सरोजिनीकडून नवी कोरी पट्टी करून घेतली. तिलाही चार मिनिटं पाच सेकंदच लागली. म्हणजे सैलावण्याचा प्रश्न नाही. मग उरलं एकच कारण: सरोजिनीचा हात बसतो आहे. चाळीस वर्षांनी का होईना, रोजच्या देखरेखीने तिचं काम सुधारलं.

तिला तसं सांगितलं. ती बराच वेळ आमटी ढवळत राहिली.

४ फेब्रुवारी

नमुना क. वल्लरीचं कॉम्प्युटरवालं मशीन. तिने ते लॉकडाउनमध्ये घेतलं, तेव्हापासून त्याच्यावर टॉवेल वाळतात. ती स्वतः ते घेऊन खाली आली.

"काका, हे एकदम ऑटोमॅटिक आहे. सुईखालच्या या फूटच्या मागे बटण ठेवायचं, तो स्वतःच साइझ घेतो. मग ही दांडी खाली ओढायची, बस. वन स्टेप."

"आणि चुकलं तर?"

"मग स्क्रीनवर एरर येतो."

खरोखरच त्याने बटण मोजलं आणि हू की चू न करता काज केलं. दहाच्या दहा काजं एका मापाची, फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. असं मशीन मला कारखान्यात मिळालं असतं तर माझी नोकरी गेली असती. मग सरोजिनीने त्याला कॉलरच्या पट्टीचं टोक दिलं, जिथे कापडाच्या चार घड्या येतात. तिथे ते चढावर अडलं आणि जागच्या जागी टाके घालत बसलं. गाठोडं झालं. स्क्रीनवर एरर आला. सरोजिनीला इतका आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

सुलभता: तीन मिनिटं चाळीस सेकंद. वल्लरी पूर्ण वेळ शेजारी उभी होती. बटण गेलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या मशीनचं कौतुक असतंच माणसाला.

९ फेब्रुवारी

अपेक्षा आली होती. चेंडूवाली. मी उठून आतच जाणार होतो, पण ती कुर्त्याचं माप द्यायला आली होती म्हणे. कोथरूडला राहते आणि कुर्ता शिवायला आमच्याकडे बिबवेवाडीला येते, नवल आहे. माप होईपर्यंत ती माझी तपासणी बघत बसली.

"काका, बटणाची कड अंगठ्याने ढकला ना जी. बोटाच्या टोकानं नको, पेरानं धरा. हां, असं."

चाळीस सेकंद वाचले. पुढल्या फेरीत परत वाचले. या मुलीला बटणांची समज चांगली आहे. तिने उगाच ते चेंडूचं क्षेत्र निवडलं. तिला तसं सांगितलंही. ती "हो ना बाप्पा" म्हणाली आणि कुर्त्याचं कापड न ठेवताच निघून गेली. विसराळू आहे.

१५ फेब्रुवारी

नमुना ड. हा खरा धंद्यातला. शिंपी काजं स्वतः करत नाहीत, शर्ट शिवून झाले की काज-बटणवाल्याकडे गठ्ठा पाठवतात. आमच्या चौकात गेनबाचं तसं दुकान आहे. पट्टी तो स्वतः द्यायला आला.

"आमच्या मशीनला दुसरं कामच येत न्हाई, सायेब. निस्ती काजं. कापड ठिवलं की धडधडधड, आन् शेवटाला सुरी आपोआप खाली पडती. शर्टाची सगळी काजं चहा निवायच्या आत."

सुरी टाके झाल्यावर पडते का आधी, हे विचारलं. शर्टाला नंतर, म्हणाला. कोटाचं डोळ्याचं, एका टोकाला गोल भोक असलेलं, काज असतं त्याला काही मशीनवर आधी चीर पडते आणि मग कडा शिवल्या जातात, म्हणजे दोरे बाहेर दिसत नाहीत. माणूस जाणकार आहे. काज बघितलं. टाके घट्ट, कडा करकरीत, पण अरुंद. बटण जेमतेम जातं.

"एवढं घट्ट का?"

"वहिनीच बोलल्या, जरा घट्टच ठिवा. सायबास्नी आता सोपं—"

"गेनबा, चहा घेणार ना?" सरोजिनी आतून म्हणाली. तो चहा प्यायला आत गेला आणि परस्पर घरी गेला. वृद्धांच्या शर्टाला घट्ट काज कुणी सांगेल का? त्याचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. सुलभता: चार मिनिटं. शेरा: दुकानाला ठीक, आश्रमाला नको.

२२ फेब्रुवारी

आज एकही नाही.

सकाळी तास गेला, एकही बटण नाही. बोटं बधिर, जणू माझी नव्हेतच. नमुना अ, ब, क, सगळे सारखेच. संध्याकाळी पुन्हा बसलो, पुन्हा तेच. पाट ढकलून दिला. बटणं फरशीवर घरंगळली.

सरोजिनीने वाकून एकेक उचललं. मग म्हणाली, "आज काजंच वाईट होती. माझं चुकलं. दोरा जाड वापरला."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर भिंग घेऊन पाहिलं. दोरा तोच आहे, सगळ्या पट्ट्यांना एकच. भिंग परत खणात ठेवलं.

दवाखान्यात मला भीती वाटली नव्हती. आज वाटली. कशाची ते नीट सांगता येत नाही. काजं तर आश्रमाची आहेत.

२३ फेब्रुवारी

सकाळी बसलोच नव्हतो. दहा वाजता सरोजिनीने पाट समोर आणून ठेवला आणि मोजणीचं घड्याळ त्याच्या शेजारी.

"आज इच्छा नाही," मी म्हणालो.

"मग वल्लरीच्या नवऱ्याला बोलवू?"

नमुना ब, दोन मिनिटं पंचावन्न सेकंद.

१ मार्च

नमुना इ. हातकाज. हे सरोजिनीने न विचारता यादीत घुसवलं. माझ्या मते हात हे मशीन नव्हे, पण तिने ऐकलं नाही. आधी चीर पाडली, कडेकडेने दोरा ठेवला, मग त्याच्यावरून एकेक टाका, प्रत्येक टाक्याला कडेवर एक बारीक गाठ. एका काजाला बारा मिनिटं. गेनबाच्या मशीनवर तेवढ्या वेळात आख्ख्या आश्रमाचं काम झालं असतं.

काजाची कड मऊ आहे आणि तरी भक्कम. बोटाला बटण कुठे आत जायचं ते गाठींवरून कळतं, बघावं लागत नाही. सुलभता: अडतीस सेकंद. तीनदा तपासलं. अडतीस, छत्तीस, अडतीस.

ते काम करताना ती चष्मा नाकावर खाली घेऊन बसते. लग्न झालं तेव्हापासून तिला शिवताना पाहतो आहे, पण पूर्ण बारा मिनिटं कधी पाहिलं नव्हतं. तपासणीचा भाग म्हणून पाहिलं.

५ मार्च

अहवाल पूर्ण. अकरा पानं. सारांश: एक, दिसायला कॉम्प्युटरचं काज सर्वोत्तम, पण जाड ठिकाणी भरवसा नाही. दोन, गेनबाचं टिकाऊ, पण बोटांना कठोर. तीन, विजेच्या चार टप्प्यांच्या मशीनवर काज दोन मिलिमीटर लांब घेतलं आणि बकरम पातळ घातलं तर ते हातकाजाच्या सर्वांत जवळ जातं. चार, सर्व नमुन्यांत काळानुसार सुधारणा आढळली, तिचं श्रेय शिवणारीला. शिफारस: वरची दोन बटणं हातकाजाची, बाकीची मुद्दा तीनप्रमाणे.

सरोजिनीला आश्रमाचा पत्ता मागितला. "ठेवा तिथे, देईन मी," म्हणाली. अहवाल टेबलावर ठेवून द्यायचा नसतो, तो समक्ष सादर करायचा असतो. पत्ता पुन्हा मागितला. डेअरीच्या पुढे, सर्पोद्यानाच्या अलीकडे, असं काहीतरी पुटपुटली आणि कुकर लावायला गेली. शिट्टी होईपर्यंत तिसऱ्यांदा विचारता आलं नाही.

७ मार्च

सकाळी सरोजिनी बँकेत गेली. तेवढ्यात कपडे केले, अहवाल पिशवीत घातला आणि रिक्षाने कात्रजला गेलो. आश्रमाच्या व्यवस्थापकांपुढे सुरुवात कशी करावी हा विचार सकाळपासून डोक्यात घोळत होता. आधी निष्कर्ष की आधी पद्धत? रिक्षात बसल्यावर पद्धत आधी असं ठरलं.

डेअरीच्या पुढे आश्रम नव्हता. सर्पोद्यानाच्या अलीकडेही नव्हता. एका फरशीवाल्याच्या दुकानात चौकशी केली. तो उठून उभा राहिला आणि मला खुर्ची दिली.

"काका, बसा आधी. पाणी घ्या. घरी भांडण झालंय का?"

"नाही. मला वृद्धाश्रमात जायचंय."

"तेच म्हणतो. असं एकदम निघायचं नसतं. मुलाचा नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी."

मी काजांबद्दल आलो आहे हे सांगितल्यावर त्याने पंखा वाढवला. शेवटी त्यानेच दोन ठिकाणी फोन करून विचारलं. या भागात, त्या खुणेवर, असा आश्रमच नाही. चाळीस शर्टांचं नाव तर कुणी ऐकलेलं नाही. त्याने मला स्वतः रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, घरापर्यंत सोड, मध्ये उतरू देऊ नको.

परत येईपर्यंत मी चिडलो होतो. सात आठवडे, अकरा पानं, आणि गिऱ्हाईकच नाही. जिन्यातच आवाज आला. सरोजिनी दारात उभी होती, शेजारी फोन हातात धरून वल्लरी.

"कुठे गेला होतात? न सांगता?" सरोजिनीचा आवाज चढला होता.

"तुझ्या आश्रमात. असा आश्रम नाही. होताच कधी? तू मला सात आठवडे—"

तिचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतं. ती माझ्या छातीकडे बघत होती. वल्लरीही.

"शर्ट कुणी घालून दिला?" सरोजिनीने विचारलं.

मी खाली पाहिलं. निळ्या रेघांचा शर्ट. झटक्याच्या आधीपासून कपाटात टांगलेला. सगळी बटणं लावलेली. घरात तर कुणी नव्हतं. आधी पद्धत की आधी निष्कर्ष, या विचारात लावली असणार.

वल्लरी वर निघून गेली.

"एक काज सोडून लावलीत," सरोजिनी म्हणाली. खरंच. एक बाजू वर, एक खाली. असाच मी कात्रजपर्यंत जाऊन आलो होतो. तिने सरळ करायला हात पुढे केला, तो मध्येच मागे घेतला. "तुमचं तुम्ही करा," म्हणाली, आणि खुर्चीत बसून पदर डोळ्यांना लावला. दवाखान्यात ती रडली नव्हती. महिनाभर माझा हात उशीवर उचलून ठेवताना रडली नव्हती.

सगळं तेव्हा लक्षात आलं. कुर्त्याचं कापड विसरणारी अपेक्षा, गेनबाचं अर्धवट राहिलेलं वाक्य, जाड नसलेला दोरा. चाळीस वर्षांनी सुधारलेलं काम कुणाचं, तेही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे दोष काढले आणि सात आठवडे मोजत होतो काय हेच कळलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता. लाज वाटली, आणि खूप बरंही वाटलं.

"सांगितलं असतंस तर," मी म्हणालो.

"तर राजम्याची उसळ झाली असती," ती पदराआडून म्हणाली.

मग मी सगळी बटणं काढली. वरून सुरुवात केली, उजव्या हाताने, एकेक काज बघून. चौथ्याला बोट अडलं, दोनदा निसटलं. ती हलली नाही, मीही डावा हात पुढे केला नाही. सातवं लागलं. घड्याळ समोर टेबलावरच होतं, पण किती वेळ लागला ते मोजायचं राहून गेलं.